शास्त्रज्ञ ख्रिस्तियान डॉप्लर

रेल्वेच्या फाटकाशी गाडी जाण्याची वाट पाहत उभे राहण्याचा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांवर आलेला असेलच. दुरून शिट्टी वाजवीत गाडी येते, धडधडत समोरून निघून जाते, आणि नेमक्या त्याच क्षणी शिट्टीचा स्वर एकाएकी खाली उतरतो. शिट्टी तीच असते व ती वाजविणाराही तोच असतो. गाडीत बसलेल्या उतारूंस तर स्वर उतरल्याचा पत्ताही नसतो. फरक पडतो तो फक्त फाटकाशी उभ्या असलेल्या आपल्या कानास.

आता दुसरा प्रसंग घ्या. हा आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा त्यांच्या पालकांस अधिक ओळखीचा असेल. रुग्णालयात डॉक्टर मानेवर किंवा जांघेपाशी एक लहानशी कांडी टेकवितात आणि शेजारच्या यंत्रातून नाडीच्या ठेक्यावर हुश्श हुश्श असा आवाज येऊ लागतो. तो आवाज आतील वाहत्या रक्ताचा, असे सांगण्यात येते. ह्या तपासणीला लोक सरसकट ‘डॉप्लर करून घेणे’ असे म्हणतात. डॉप्लर हे त्या यंत्राचे नाव असावे अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः ते एका माणसाचे नाव होय. तो एका पाथरवटाचा मुलगा असून शाळामास्तरकी करीत करीत प्रोफेसर झाला आणि वयाच्या पन्नाशीच्या आतच वारला. आपल्या नियमाचा असा काही उपयोग होईल हे त्याच्या स्वप्नातही आले नसेल. त्याचे चरित्र आम्ही ह्या अंकी सादर करीत आहो.

ऑस्ट्रिया देशातील साल्झबुर्ग ह्या गावी ता. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ख्रिस्तियानचा जन्म झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याचे नाव ख्रिस्तियान आंद्रेआस असे ठेवण्यात आले. कित्येक पुस्तकांत ते योहान ख्रिस्तियान असे छापलेले आढळते. एका ज्योतिषशास्त्रज्ञाने मागे ती चूक केली आणि पुढील ग्रंथकारांनी मूळ नोंद न पाहता तीच उतरून घेतली. मापनातील अचूकपणाशी ज्याचे नाव जोडले गेले, त्याच्या नावाचीच अशी गत व्हावी ह्याची मौज वाटते.

डॉप्लर घराण्यात पाथरवटाचा धंदा सतराव्या शतकापासून चालत आलेला होता. बापाचा जम चांगला बसलेला असून त्याचे घर गावातील एका प्रशस्त चौकात होते. त्याच चौकात पूर्वी मोझार्ट ह्या जगद्विख्यात संगीतकाराचे कुटुंब राहत असे. मुलगा मात्र अंगाने अगदी किरकोळ. घण व छिन्नी चालविण्याचे बळ त्याच्या मनगटात येईल अशी आशा बापास वाटेना. तेव्हा ह्याने लिहिण्यावाचण्याचाच मार्ग धरावा असे ठरले. ह्याला हिशेबाच्या कामाला लावावे की पुढे शिकवावे, असा विचार घरात चालला असता साल्झबुर्ग येथील गणिताचे अध्यापक सीमोन श्टांफर ह्यांची दृष्टी त्याच्यावर पडली. ह्या मुलाची बुद्धी गणितात चालते, त्यास व्हिएन्ना येथील पॉलिटेक्निकमध्ये धाडावे, असा सल्ला त्यांनी दिला आणि बापाने तो मानला. १८२२ साली डॉप्लर व्हिएन्नास गेला. १८२५ मध्ये तेथील अभ्यास पुरा करून तो गावी परतला आणि काही काळाने पुन्हा व्हिएन्नास जाऊन तेथील विद्यापीठात उच्च गणित, यंत्रशास्त्र व ज्योतिष ह्या विषयांचे अध्ययन त्याने केले. १८२९ मध्ये त्यास गणिताच्या प्रोफेसरांचा सहायक म्हणून जागा मिळाली. ही जागा मुदतीची होती. चार वर्षे संपली आणि तिशीच्या उंबरठ्यावर हा विद्वान तरुण बेकार झाला.

ह्यापुढील दोन वर्षांची हकीकत आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी लक्षपूर्वक वाचावी. त्या काळी ऑस्ट्रियात अध्यापकाची जागा मिळवावयाची म्हणजे चढाओढीची लेखी परीक्षा द्यावी लागे, वर नमुन्याचा पाठही द्यावा लागे. आणि निकाल लागण्यास महिनेच्या महिने जात. डॉप्लरने अनेक ठिकाणी अर्ज केले. पोट तर भरलेच पाहिजे, म्हणून त्याने एका सूतगिरणीत जमाखर्च लिहिण्याची नोकरी पत्करली. ज्याला ग्रहताऱ्यांच्या गतीचे गणित करावयाचे, तो दीड वर्ष कापसाच्या गासड्यांचा हिशेब मांडीत बसला. अखेर १८३५ साली त्याने मायदेशाचा नाद सोडून अमेरिकेस जाण्याचे ठरविले. होते नव्हते ते सामान विकून टाकले आणि म्यूनिक शहरी जाऊन अमेरिकेच्या वकिलाची गाठही घेतली. अशा वेळी, जवळजवळ पाय बोटीवर असताना म्हणा ना, प्राग शहरातील एका सरकारी शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा त्यास मिळाल्याची वार्ता आली. तो प्रागला गेला. दुसऱ्याच वर्षी साल्झबुर्गमधील एका सोनाराची कन्या माटिल्डे हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढे त्यांस पाच मुले झाली.

शाळेतून तो तेथील पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागला आणि १८४१ मध्ये तेथे पूर्ण प्रोफेसर झाला. पुढच्याच वर्षी, म्हणजे ता. २५ मे १८४२ रोजी, बोहेमियाच्या राजकीय विज्ञानसभेपुढे त्याने आपला तो प्रसिद्ध निबंध वाचला. निबंधाचा विषय जुळ्या ताऱ्यांच्या रंगांसंबंधी होता. श्रोते मूठभरच होते.

निबंधातील मुख्य विचार समजण्यास गणित फारसे लागत नाही. समुद्रातील गलबताचा दाखला खुद्द डॉप्लरनेच घेतला होता. नांगरलेल्या गलबतावर ठरावीक वेळाने लाटा आपटत असतात. तेच गलबत लाटांच्या रोखाने हाकारले तर लाटा लौकर लौकर भेटतील, आणि लाटांच्या बरोबरीने पळू लागले तर त्या उशिरा उशिरा गाठतील. लाटा होत्या तेवढ्याच आहेत, त्या मोजणारा मात्र चालला आहे. त्याचप्रमाणे लाटा उत्पन्न करणारी वस्तू आपल्याकडे येऊ लागली तर लाटा दाटतात, दूर जाऊ लागली तर विरळ होतात. ध्वनी हा लहरींचा बनलेला असल्यामुळे त्याचा स्वर चढावा वा उतरावा, आणि प्रकाशही लहरींचा असल्यामुळे त्याचा रंग पालटावा, असे डॉप्लरचे अनुमान होते. आपल्याकडे येणारा तारा निळसर व दूर जाणारा तांबूस दिसतो, जुळ्या ताऱ्यांचे निरनिराळे रंग ह्याच कारणाने होतात, असे त्याने मोठ्या उत्साहाने प्रतिपादन केले.

येथे आम्हांस स्पष्ट सांगितले पाहिजे की, ह्यातील पहिला भाग खरा आणि दुसरा चुकीचा होता. नियम बरोबर होता, त्याची योजना चुकली होती. प्रकाश सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो आणि तारे बहुधा सेकंदास काही दहा किलोमीटरच चालतात. एवढ्याने पडणारा फरक दहा हजारांत एक असा काहीतरी होतो, आणि तो डोळ्यास दिसणे शक्य नाही. ताऱ्यांचे रंग मुख्यतः त्यांच्या उष्णतेच्या मानावर अवलंबून असतात. परंतु ताऱ्यांचे वेग मोजण्याचे साधन त्या वेळी कोणापाशीच नव्हते. डॉप्लरने ते मोठे असतील असे गृहीत धरले आणि तेथेच तो फसला. प्रागमधील बोल्झानो नावाच्या वृद्ध गणितज्ञ धर्मोपदेशकाने मात्र ह्या निबंधाचे महत्त्व ओळखून त्याची बाजू उचलून धरली.

निबंध वाचून हॉलंड देशातील बाइस बॅलट नावाच्या तरुणास तो मुळीच पटला नाही. तो खोडून काढावा ह्या बुद्धीने त्याने एक प्रयोग योजिला. हा प्रयोग शास्त्राच्या इतिहासातील एक अत्यंत मजेदार प्रसंग होय, आणि तो जरा विस्ताराने सांगितल्यास वाचक कंटाळणार नाहीत अशी आमची खात्री आहे. आगगाडी त्या वेळी नवीनच होती. जमिनीवर तिच्याइतक्या वेगाने सारखे चालणारे दुसरे वाहन नव्हते. १८४५ च्या फेब्रुवारीत बाइस बॅलटने उट्रेक्ट शहराजवळ एक इंजिन व उघडा डबा मिळविला, डब्यात शिंगे वाजविणारे वादक बसविले आणि रुळांच्या कडेला सुरांची चांगली पारख असलेले दुसरे वादक उभे केले. पण थंडीने व वादळी हवेने घात केला. त्या बर्फाळ वाऱ्यात धड सूर लागेना, तेव्हा खेळ आटोपता घ्यावा लागला. जून महिन्याच्या ३ व ५ तारखांस उट्रेक्ट व मार्सेन ह्या गावांमध्ये पुन्हा प्रयोग झाला. सूर मोजण्याचे यंत्र नव्हतेच. माणसाचा शिकलेला कान हेच माप. गाडीत एकच सूर धरून वाजवावयाचा आणि खाली उभ्या असलेल्यांनी तो किती चढला किंवा उतरला हे सांगावयाचे. मग उलट, खाली वाजवावयाचे आणि गाडीतील लोकांनी ऐकावयाचे.

गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर चालली, आणि ध्वनीचा वेग सेकंदास ३४० मीटर धरला, तर येणाऱ्या गाडीचा सूर सुमारे एक सोळांश चढतो. आमच्या संगीताच्या भाषेत बोलावयाचे तर षड्ज लावला असता तो जवळजवळ कोमल ऋषभ ऐकू यावा. एवढे अंतर गवयाच्या कानास सहज कळते. कडेच्या वादकांस ते कळले. इंजिनाची घरघर, डब्याचा खडखडाट, वादकांची चुकामूक ह्या सर्व विघ्नांतूनही सूर येताना चढला आणि जाताना उतरला. खोडून काढावयास निघालेल्या गृहस्थाने आपल्याच प्रयोगाने डॉप्लरचा नियम सिद्ध केला, आणि तसे त्याने प्रामाणिकपणे छापून प्रसिद्ध केले. ताऱ्यांच्या रंगांविषयीचा आपला आक्षेप मात्र त्याने कायम ठेवला. तोही खराच होता. ह्या दुहेरी न्यायामुळे आमच्या मनात बाइस बॅलटविषयी डॉप्लरइतकाच आदर आहे.

इकडे प्रागमध्ये डॉप्लरचे दिवस काही सुखाचे जात नव्हते. शेकडो विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा त्यास एकट्याने घ्याव्या लागत. प्रकृती आधीच नाजूक, त्यात हा भार. परीक्षक म्हणून तो फार कडक आहे अशी तक्रार विद्यार्थ्यांनी वरपर्यंत नेली व तिची चौकशी झाली. (आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांची सहानुभूती ह्या ठिकाणी तक्रार करणारांकडे जाईल हे आम्ही जाणून आहो.) १८४४ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव त्यास दीर्घ रजा घ्यावी लागली. १८४७ मध्ये तो शेमनिट्झ येथील खाणकामाच्या विद्यालयात गेला. पण पुढच्याच वर्षी सर्व देशभर राज्यक्रांतीची धामधूम उडाली आणि त्यास व्हिएन्नास परतावे लागले. तेथे ज्या श्टांफर ह्यांनी लहानपणी त्यास वर काढले, त्यांच्याच जागी तो नेमला गेला. १८५० च्या जानेवारीत सम्राट फ्रान्झ योझेफ ह्याने व्हिएन्ना विद्यापीठात नव्याने स्थापिलेल्या पदार्थविज्ञान मंदिराचा पहिला प्रमुख म्हणून डॉप्लरची नेमणूक केली. सूतगिरणीतील कारकुनास पंधरा वर्षांनी मिळालेला हा मान होता. ह्याच संस्थेत पुढल्या वर्षी ग्रेगोर मेंडेल नावाचा एक मठवासी साधू विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि डॉप्लरच्या हाताखाली शिकला. वाटाण्यांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम पुढे ज्याने शोधून काढले, तोच हा मेंडेल.

परंतु मान मिळाला तो टिकला नाही. १८५२ साली व्हिएन्नाच्या शास्त्रीय अकादमीत पेट्झव्हाल ह्या नामांकित गणितज्ञाने डॉप्लरच्या नियमावर उघड हल्ला चढविला. छायाचित्रणाच्या भिंगांचे उत्तम गणित करणारा म्हणून पेट्झव्हालची कीर्ती मोठी होती. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, निसर्गाचे महत्त्वाचे नियम मोठमोठ्या समीकरणांतून निघतात, दोन ओळींच्या त्रैराशिकातून नव्हे. आणि माध्यम वाहत असले तरी कंपनांचा काल बदलत नाही हे गणिताने सिद्ध आहे. पेट्झव्हालचे गणित चुकले नव्हते. वारा सुटला म्हणून देवळाच्या घंटेचा सूर चढत नाही, हे खरेच आहे. पण डॉप्लर वाऱ्याविषयी बोलतच नव्हता. तो चालत्या घंटेविषयी व चालत्या ऐकणाऱ्याविषयी बोलत होता. दोघांचे प्रश्नच वेगळे होते, आणि हे सभेतील पुष्कळांच्या ध्यानात आले नाही. बाइस बॅलटच्या प्रयोगाची साक्ष हाताशी असूनही मोठ्या नावापुढे डॉप्लरची बाजू लंगडी पडली.

त्याच वर्षी त्याचा फुफ्फुसांचा विकार बळावला. उबदार हवेत बरे वाटेल ह्या आशेने नोव्हेंबरमध्ये तो व्हेनिस शहरी गेला. विद्यापीठातील त्याची जागा एटिंग्सहाउझन ह्यांस देण्यात आली. ता. १७ मार्च १८५३ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी, डॉप्लरने व्हेनिस येथे देह ठेविला. शहरासमोरील सान मिकेले ह्या बेटावरील दफनभूमीत त्याचे दफन झाले. मरतेसमयी त्याच्या नियमाविषयीचा वाद मिटलेला नव्हता.

तो वाद पुढे ताऱ्यांनीच मिटविला. फ्रान्सचा फिझो ह्याने १८४८ मध्येच स्वतंत्रपणे दाखविले होते की, ताऱ्याचा रंग न पाहता त्याच्या प्रकाशातील काळ्या रेषा किती सरकल्या हे पाहावे. त्या मार्गाने इंग्लंडात विल्यम हगिन्स ह्याने १८६८ साली व्याध ताऱ्याची गती मोजण्याचा प्रयत्न केला. डोळ्यास न दिसणारा दहा हजारांतील एक फरक रेषांच्या जागेवरून कळू लागला, आणि डॉप्लरचे नाव ज्योतिषशास्त्रात कायमचे रुजले.

आता आरंभी सांगितलेल्या कांडीकडे वळू. माणसास ऐकू न येणारा अतिसूक्ष्म ध्वनी शरीरात सोडावा आणि तो रक्तातील तांबड्या पेशींवर आपटून परत आला म्हणजे त्याचा स्वर किती बदलला हे पाहावे, ही युक्ती विसाव्या शतकाच्या मध्यास निघाली. जपानातील ओसाका येथे शिगेओ सातोमुरा ह्याने १९५७ मध्ये हृदयाच्या हालचालींविषयी आणि १९५९ मध्ये हातापायांच्या धमन्यांतील प्रवाहाविषयी आपले शोध प्रसिद्ध केले. पेशी ही येथे चालती श्रोती, आणि ध्वनी परत फेकीत असल्यामुळे चालती वादकही. म्हणून फरक दुप्पट पडतो. कांडीतून सेकंदास ४० लक्ष कंपनांचा ध्वनी निघाला, रक्त सेकंदास अर्धा मीटर वाहत असले आणि कांडीची रेषा धमनीशी ६० अंशांचा कोन करीत असली, तर परतीच्या ध्वनीत सेकंदास सुमारे १३०० कंपनांचा फरक पडतो. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदास १५४० मीटर धरतात, त्यावरून हे गणित कोणासही करून पाहता येईल. १३०० कंपने माणसाच्या कानास सहज ऐकू येतात. यंत्रातून येणारा तो हुश्श हुश्श आवाज म्हणजे हा फरकच होय.

परंतु हे माप कितपत भरवशाचे? बाइस बॅलटने विचारला तोच प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो, आणि माणूस व्यायाम करीत असला म्हणजे तो फारच बिकट होतो. व्यायाम करताना स्नायूस रक्त किती मिळते, हे खेळाडूस व रोग्यास दोघांसही महत्त्वाचे आहे. पाय चालताना दुखतो आणि थांबल्यावर राहतो, अशा रोग्याचे दुखणे केवळ निजवून तपासले तर पुरते समजत नाही.

अडचणी कोणत्या त्या पाहा. पहिली कोनाची. रक्ताची गती कांडीच्या रोखाने किती, एवढेच यंत्रास कळते. बाकीचे कोनावरून काढावे लागते. कोन ६० अंश आहे असे आपण समजलो आणि तो खरोखर ६५ असला, तर वेग शेकडा १५ नी कमी निघतो. तोच ७५ समजलो आणि ८० असला, तर शेकडा ३३ नी कमी! नव्वद अंशांत तर काहीच ऐकू येत नाही; गाडी आपल्या अगदी समोरून आडवी जाते त्या क्षणी स्वर चढाही नसतो, उतराही नसतो, तसेच हे. म्हणून जाणते लोक कोन ६० अंशांहून वाढू देत नाहीत. दुसरी अडचण धमनीच्या रुंदीची. प्रवाह काढावयाचा तर वेगाला धमनीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणावे लागते, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. दहा मिलिमीटर रुंदीच्या धमनीत अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर प्रवाहाच्या हिशेबात शेकडा दहांची चूक होते. शिवाय धमनीच्या मध्यावरील रक्त जोराने व कडेचे हळू वाहते, नदीच्या पाण्याप्रमाणेच. नुसत्या मधल्या धारेचा वेग घेतला तर प्रवाह भलताच फुगतो.

ही झाली निजलेल्या माणसाची गोष्ट. तो पाय हलवू लागला की कांडी घसरते, धमनी सरकते, कोन पालटतो. स्नायू आवळला की आतील नळ्या दाबल्या जाऊन प्रवाह अडतो, क्वचित मागेही रेटला जातो. सैल झाला की एकदम लोंढा येतो. हृदयाचा ठोका आपल्या तालावर आणि पाय आपल्या तालावर चालला असता कोणत्या क्षणाचे माप खरे मानावे? शिवाय वेग फार वाढला तर काही यंत्रे फसतात. चित्रपटात धावत्या गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, त्याच कारणाने जलद पुढे जाणारे रक्त मागे जात असल्यासारखे दिसते.

ह्यावर उपाय शोधिला तो व्यायामाचा प्रकारच बदलून. माणसास खुर्चीत टेकून बसवावे, मांडी स्थिर ठेवावी आणि गुडघ्यापासून खालचा पायच पुढे झाडावयास लावावा. मांडीच्या पुढच्या स्नायूंसच काम पडते, आणि कांडी टेकवावयाची ती जांघेजवळची जागा फारशी हलत नाही. ह्याच व्यायामावर आंदेर्सन व साल्टिन ह्यांनी निराळ्या पद्धतीने, मांडीच्या शिरेत थंड द्रव सोडून व रक्त किती निवते ते पाहून, प्रवाह मोजला होता आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केला होता. विश्रांतीत मिनिटास अर्ध्या लिटरच्या आत असलेला एका पायाचा प्रवाह जोराच्या श्रमात पाच लिटरांच्याही पुढे जातो, असे त्यात दिसून आले. स्नायूस इतके रक्त मिळू शकते हे पूर्वी कोणी मानले नसते. नंतर कोपनहेगन येथील रोडेग्रान ह्याने ह्याच व्यायामात डॉप्लरच्या पद्धतीचे माप व थंड द्रवाचे माप ताडून पाहिले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कामात दोन्ही मापे चांगली जुळली. मोठ्या धमनीचा व्यास ह्या श्रमात फारसा बदलत नाही, हेही दिसून आले. मात्र त्यासाठी एकदोन ठोक्यांवर न विसंबता पाय झाडण्याच्या पुष्कळ आवर्तनांची सरासरी घ्यावी लागते. शिवाय कांडी धरणाराचा हात तयार पाहिजे. एकाच हाताची दोन मापे जितकी जुळतात तितकी दोन निराळ्या हातांची जुळत नाहीत. उट्रेक्टच्या रुळांशेजारी शिकलेला कान लागला, येथे शिकलेला हात लागतो.

थंड द्रवाच्या पद्धतीत शिरेत नळी घालावी लागते. डॉप्लरच्या पद्धतीत कातडीवर ओरखडाही येत नाही, आणि एकेका ठोक्यास प्रवाह कसा चढतो उतरतो हेही दिसते. म्हणून अडचणी असूनही शास्त्रज्ञ तिला सोडीत नाहीत. धावणाऱ्याच्या किंवा जोराने सायकल मारणाऱ्याच्या मांडीवर मात्र ती कांडी नीट टिकत नाही. त्यास थांबवूनच माप घ्यावे लागते, आणि तो थांबला की काही क्षणांतच रक्ताचा पूर ओसरू लागतो.